राज्यचिन्हातील गोपुर

चेन्नईच्या वेस्ट मांबलम भागातील रहिवाशाच्या शिधापत्रिकेवर किंवा महसुली दाखल्यावर एक चिन्ह हमखास आढळते: मागे मंदिराचे उंच गोपुर, त्याच्यापुढे सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष, दोन्ही बाजूंना राष्ट्रध्वज आणि भोवती तमिळ अक्षरे. तमिळनाडू शासनाचे हे राज्यचिन्ह चित्रकार आर. कृष्णराव यांनी १९४९च्या सुमारास रेखाटले.

एखाद्या प्रदेशाची ओळख एका आकृतीत साठविण्याची परंपरा जुनी आहे. युरोपात शिरस्त्राणाने चेहरा झाकलेला योद्धा दुरून ओळखू यावा, म्हणून ढालीवर ठळक चिन्ह रंगविण्याची रीत १२व्या शतकात रुजली. पुढे ती नगरांनी उचलली आणि जर्मनीत तर लहान खेड्यांनीही आपापल्या ढाली ठरविल्या, ज्यांवरील नागमोडी पट्टा गावच्या नदीचा, तर दातेरी चाक तिथल्या पाणचक्कीचा निदर्शक असते. दक्षिण भारतातही चोळांचा वाघ, पांड्यांचा मासा आणि चेरांचे धनुष्य या राजचिन्हांची परंपरा प्राचीन आहे.

तमिळनाडूच्या राज्यचिन्हात मात्र यांपैकी एकही खूण नाही. वाघ किंवा मासा घेतला असता, तर तो एकाच राजघराण्याचा वारसा ठरला असता. उलट गोपुर, म्हणजे मंदिराच्या प्राकारातील प्रवेशद्वारावर मजल्यांवर मजले चढवीत निमुळता होत गेलेला मनोरा, चोळ, पांड्य, विजयनगर आणि नायक अशा अनेक राजवटींनी बांधला आणि वाढविला. शिवाय त्या वेळच्या मद्रास प्रांतात तमिळभाषकांसोबत तेलुगू, मल्याळम आणि कन्नड बोलणारे जिल्हेही होते, त्यामुळे सर्वांना ओळखीची वाटणारी हीच वास्तू प्रांताची खूण म्हणून शोभणारी होती.

चिन्हातील गोपुर नेमके कोणते, याविषयी दोन मते आहेत. सर्वसाधारण समजुतीनुसार ते श्रीविल्लिपुत्तूरच्या आंडाळ मंदिराचे अकरा मजली गोपुर आहे, तर काहींच्या मते मदुराईच्या मीनाक्षी मंदिराचे पश्चिम गोपुर. बारा आळवार संतांमधील एकमेव स्त्री असलेल्या आंडाळची ‘तिरुप्पावै’ ही तीस पदांची रचना मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तमिळ वैष्णव घरांतून आणि मंदिरांतून पहाटे म्हटली जाते. त्यामुळे मांबलमसारख्या वस्तीतील भाविकांना पहिले मत अधिक जवळचे वाटणे स्वाभाविक आहे.

काळाच्या ओघात चित्र तसेच राहिले, बदलले ते शब्द. १९५३मध्ये आंध्र वेगळा झाला, १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मलबार केरळात गेला आणि १९६९मध्ये राज्याला ‘तमिळनाडू’ हे नाव अधिकृतपणे मिळाले. ‘सत्यमेव जयते’ या संस्कृत ब्रीदवाक्याच्या जागी त्याच अर्थाचे ‘वाय्मैये वेल्लुम’ हे तमिळ वाक्य आले.

महाराष्ट्र शासनाच्या मुद्रेत दीप आहे आणि त्याच्याभोवती शिवछत्रपतींच्या राजमुद्रेतील संस्कृत शब्द आहेत. म्हणजे महाराष्ट्राने आपली ओळख स्वराज्याच्या संस्थापकाशी जोडली, तर तमिळनाडूने ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्थपतींच्या आणि शिल्पकारांच्या कामाशी. सरकारी कागदावरील शिक्क्यात प्रदेशाने स्वतःविषयी केलेली अशी निवड असते, म्हणून प्रत्येक नागरिकाने आपल्या राज्याचे चिन्ह एकदा तरी नीट वाचावे.