कोणाला काय दिसावे : साठवण-जाळ्यातील झोनिंगचा परिचय

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांच्या ठोसर घराण्याकडे गावाचे कुलकर्णीपण होते, असे परंपरा सांगते. कुलकर्णी हा जमीन-महसुलाचे लेखन करणारा वतनदार असल्याने दप्तर ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाती नोंदींवरचा अधिकार, अशी ती सरळ व्यवस्था होती. आता राज्यातील कोणत्याही गावच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणारा सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळू लागला आहे, आणि शासकीय माहिती एकत्र सांभाळण्यासाठी केंद्र सरकारने २४ जानेवारी २००८ रोजी राज्य डेटा सेंटरांच्या योजनेला सुमारे १,६२३ कोटी रुपयांची मंजुरी दिली होती. अनेक खात्यांचे सर्व्हर एका छताखाली आले, की कोणत्या यंत्राने कोणत्या दप्तराला हात लावावा, हा जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. मोठ्या डेटा सेंटरांत आणि बँकांत त्याचे पहिले उत्तर ज्या तंत्राने दिले जाते, त्याला झोनिंग म्हणतात.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरची डिस्क त्याच्याच पेटीत बसवलेली असे, त्यामुळे एकीकडे जागा रिकामी पडून राही आणि दुसरीकडे अपुरी पडे. यावर उपाय म्हणून सगळ्या डिस्क एका सामाईक साठवण-यंत्रात, म्हणजे स्टोरेज ॲरेमध्ये, ठेवून ते यंत्र आणि सर्व्हर एका स्वतंत्र वेगवान जाळ्याने जोडण्याची पद्धत रुळली. या जाळ्याला स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात सॅन, असे नाव आहे. त्यासाठी फायबर चॅनेल हे तंत्र प्रामुख्याने वापरले जाते, त्याचे पहिले अमेरिकी मानक १९९४ मध्ये संमत झाले आणि परस्परांशी जोडलेल्या त्याच्या स्विचांच्या समूहाला फॅब्रिक म्हणतात.

सॅनमधील डिस्क सर्व्हरला स्वतःच्याच पोटातली वाटते, ही या व्यवस्थेची सोय आहे आणि धोकाही. सामान्य फाइल-प्रणाली डिस्कवर आपली एकटीचीच मालकी गृहीत धरते. म्हणून परस्परांची दखल न घेणाऱ्या दोन सर्व्हरांनी एकाच डिस्कवर लिहिले, की दोघांच्याही नोंदी बिघडतात. विंडोज एनटीच्या काळात डिस्क-व्यवस्थापनाचे साधन उघडताच ते अनोळखी डिस्कवर ओळखचिन्ह लिहिण्याची परवानगी मागत असे, आणि ती डिस्क शेजारच्या युनिक्स सर्व्हरची असली तर घाईत दिलेला एक होकार तेथील माहिती निकामी करायला पुरेसा ठरे. अशा प्रसंगी कोणीही चोरी केलेली नसते. आपले काम प्रामाणिकपणे करणारे यंत्रच नको तेथे पोहोचलेले असते.

झोनिंग नेमके या पोहोचण्यावर बंधन घालते. सर्व्हरमधील फायबर चॅनेलचे कार्ड, ज्याला एचबीए म्हणतात, सुरू होताच स्विचकडे हजेरी लावते. स्विच त्याला २४ बिटांचा पत्ता देतो आणि कार्ड आपली माहिती फॅब्रिकच्या नेम सर्व्हरकडे, म्हणजे सर्व जोडलेल्या उपकरणांच्या नोंदवहीकडे, दाखल करते. त्यानंतर कार्ड विचारते की येथे साठवणुकीची साधने कोणती आहेत, आणि नेम सर्व्हर त्याला फक्त त्याच्या झोनमधील साधनांचीच नावे सांगतो. झोन म्हणजे परस्परांशी बोलण्याची मुभा असलेल्या उपकरणांचा गट. असे अनेक झोन मिळून एक झोनसेट बनतो, आणि फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच झोनसेट लागू असतो.

मात्र केवळ नाव न सांगणे पुरेसे नसते, कारण आधीपासून पत्ता माहीत असलेले उपकरण थेट तेथे जाऊ शकते. नाव दडवण्यापुरत्या या पद्धतीला सॉफ्ट झोनिंग म्हणतात, तर ज्या पद्धतीत स्विचमधील चिपच प्रत्येक फ्रेम, म्हणजे जाळ्यातून जाणारा माहितीचा तुकडा, तपासून परवानगी नसलेली फ्रेम अडवते, तिला हार्ड झोनिंग म्हणतात. झोनचा सदस्य ठरवण्याचेही दोन मार्ग आहेत. स्विचच्या पोर्टवरून सदस्यत्व ठरवले, तर त्या पोर्टला जे जोडले जाईल त्याला प्रवेश मिळतो. वर्ल्ड वाइड नेम, म्हणजे प्रत्येक कार्डाला दिलेली ६४ बिटांची ओळख, आधार धरली, तर केबल दुसऱ्या पोर्टला लावली तरी अधिकार कार्डासोबत जातो. पण कार्ड जळून नवे बसवले, की ओळख बदलते आणि खातेदार बदलल्यावर जसा फेरफार मंजूर व्हावा लागतो, तसा झोनमध्येही तो नोंदवावा लागतो. तोवर नवे कार्ड फॅब्रिकमध्ये हजर असूनही त्याला एकही डिस्क दिसत नाही.

जाणकार प्रशासक एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच कार्ड ठेवतात आणि त्यासोबत साठवण-यंत्राचे आवश्यक तेवढेच पोर्ट देतात. झोनांची संख्या त्यामुळे वाढते, पण लाभ मोठा असतो : एखादे उपकरण चालू किंवा बंद झाले, की फॅब्रिक त्याची सूचना फक्त संबंधित झोनच्या सदस्यांना पाठवते, त्यामुळे एक सर्व्हर पुन्हा सुरू झाल्याने दुसऱ्याचे टेपवर चाललेले बॅकअप सहसा विचलित होत नाही. दोन स्विच जोडताना त्यांच्यातील झोनांच्या व्याख्या परस्परविरोधी निघाल्या, तर फॅब्रिक एकत्र येण्याचे नाकारते आणि दुवा तोडून ठेवते.

झोनिंगची मर्यादाही स्पष्ट आहे. सर्व्हर साठवण-यंत्राच्या कोणत्या पोर्टापर्यंत पोहोचेल एवढेच ते ठरवते. त्या पोर्टामागील शेकडो तार्किक डिस्कांपैकी कोणती त्याला मिळावी, हे साठवण-यंत्रातील लन मास्किंग ठरवते, म्हणून दोन्ही बंधने एकत्र वापरावी लागतात. शिवाय वर्ल्ड वाइड नेमची नक्कल करता येत असल्याने जाणूनबुजून घुसखोरी करणाऱ्यासमोर एकट्या झोनिंगवर विसंबून चालत नाही. झोनिंग मुख्यत्वे चुकांपासून रक्षण करते, आणि त्या रक्षणाची गुणवत्ता चिपइतकीच नोंदींच्या शिस्तीवर अवलंबून असते : झोनचे नाव वाचताच सर्व्हर आणि साठवण-यंत्र ओळखता यावे, बदलापूर्वी जुन्या झोनसेटची प्रत ठेवलेली असावी, आणि निवृत्त झालेल्या सर्व्हरचे झोन वेळीच काढलेले असावेत, कारण ज्याचे प्रयोजन कोणालाच आठवत नाही असा झोन काढून टाकण्याचे धाडस पुढे कोणी करत नाही.