पिकअप गाडी व डिझेलाची काटकसर

शेतमाल बाजारांत नेण्यास आतां बहुतेक गांवीं पिकअप गाडी आली आहे. अडीच लिटरांचें डिझेल इंजिन असलेली ही गाडी ओझ्यास खंबीर खरी; परंतु भाव पडलेल्या दिवशीं टोमॅटोची पट्टी हातीं येते, तेव्हां हमाली व डिझेल वजा जातां बागाइतदाराच्या पदरीं काय उरतें, हें आम्हीं सांगावयास नको. बाजारभाव आपल्या स्वाधीन नाहीं. डिझेलाचा खर्च मात्र बऱ्याच अंशीं आहे.

पहिली गोष्ट हिशेबाची. आमचा जन्म सरकारी दप्तरांत गेला, म्हणून हें आम्हीं आग्रहानें सांगतों. टांकी पूर्ण भरून मीटरचा आंकडा वहींत टिपावा. पुढील खेपेस त्याच पंपावर ती पुन्हां तशीच भरावी व मधल्या किलोमीटरांस नव्यानें भरलेल्या लिटरांनीं भागावें. वहीशिवाय केलेली काटकसर ही केवळ समजूत होय.

मोठ्या इंजिनाच्या धन्यानें आणखी एक गणित ध्यानीं घ्यावें. ३०० किलोमीटरांच्या फेरीस लिटरास १० किलोमीटर जाणारी गाडी ३० लिटर खाते; तीच १२ जाऊं लागली तर २५ लिटरांत भागतें. म्हणजे ५ लिटर वांचले. उलट लहान मोटार २० वरून २२ वर आली, तर त्याच फेरीस दीड लिटरहि वांचत नाहीं. वर्षाच्या १०० फेऱ्या व लिटरास ९० रुपये धरल्यास पिकअपची बचत ४५,००० रुपये होते. सारांश, जी गाडी अधिक खाते तिच्याच सुधारणेंत अधिक लाभ आहे.

आतां उपाय. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० चा वेग ८० वर नेला कीं तो सुमारें पावणेदोन पट होतो. म्हणून हमरस्त्यावर वेग आवरावा. क्रेट टपापेक्षां उंच रचूं नयेत, ताडपत्री फडफडूं न देतां आवळून बांधावी. परततांना मागील फाळका उघडा ठेवल्यानें वारा निघून जातो व डिझेल वांचतें, हा समज चुकीचा आहे. तो बंदच बरा.

गिअर लवकर चढवून इंजिनाचे फेरे मिनिटास दीड ते दोन हजारांच्या आसपास ठेवावे. परंतु भरलेली गाडी चढावर कुंथूं लागल्यास हट्ट न धरतां खालचा गिअर घ्यावा. पुढें गर्दी दिसतांच पाय आधींच काढावा. ब्रेक दाबणें म्हणजे जाळलेल्या डिझेलाची उष्णता करून सोडणें होय.

घाटाविषयीं तर विशेष सांगावयाचें आहे. नाशिकहून वाशीस जातांना कसारा घाट उतरावा लागतो. अशा उतारावर कित्येक चालक डिझेल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें टाकतात, कोणी इंजिनच बंद करतात. हें अत्यंत घातक आहे. इंजिन बंद होतांच ब्रेकचें साहाय्य जातें व स्टिअरिंग जड होतें. न्यूट्रलमध्यें सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात व धरीनासे होतात. शिवाय हल्लींच्या इंजिनांत, गाडी गिअरमध्यें असून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला, म्हणजे डिझेलाचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन चालूं ठेवण्यापुरतें डिझेल जळतच राहतें. म्हणजे बचत नाहींच, वर जिवास धोका.

टायरांतील हवा गाडी थंड असतांना, दाराजवळील तक्त्यांत दिल्याप्रमाणें पहावी. मागील टायरांस भरलेल्या ओझ्याची हवा निराळी असते. हवा कमी झाली कीं डिझेल वाढतें आणि टायरहि झिजतो. धुळीच्या रस्त्यांमुळें एअर फिल्टर वेळच्या वेळीं बदलावा. बाजाराच्या रांगेंत तास-दोन तास इंजिन धडधडत ठेवूं नये. परतीची फेरी रिकामी न आणतां खत, पेंड किंवा शेजाऱ्याचें सामान आणावें. रिकाम्या गाडीचें डिझेलहि शेवटीं मालाच्याच माथीं बसतें.

डिझेलच्या नळीस लावावयाचीं लोहचुंबकें व तत्सम चमत्कारिक साधनें यांपासून दूर रहावें. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनें अशीं शंभरांहून अधिक साधनें तपासलीं. त्यांतील बहुतेक निरुपयोगी ठरलीं.

वरील उपायांस फारसें भांडवल लागत नाहीं. गाडी चालक हांकीत असल्यास त्यास हे उपाय नीट समजावून द्यावे व झालेल्या बचतीचा कांहीं वांटा त्यासहि द्यावा, म्हणजे तो मनापासून लक्ष घालील. सभासदांनीं येत्या हंगामांत तीन महिने वही ठेवून पहावी, अशी आमची विनंति आहे.