भिंतीवरची बुरशी : ओळखावी कशी आणि करावे काय?

पावसाळा सरत आला की वस्तीतल्या अनेक घरांत कपाट सरकवल्यावर मागे काळे-हिरवे डाग दिसतात. कुबट वास येतो, पोपडे पडतात आणि घरात कुणाला तरी खोकला चिकटलेला असतो. मग प्रश्न पडतो : ही बुरशी विषारी आहे का? ते कळायला काही चाचणी आहे का?

आधी एक गैरसमज दूर करू. २०२१ मध्ये कोरोनानंतर पसरलेला 'काळी बुरशी' हा आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. तो वेगळ्या बुरशीमुळे होतो. त्यात रक्तपुरवठा तुटून शरीराचा भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे.

विषारी म्हणून गाजलेली बुरशी

स्टॅकीबॉट्रिस नावाची एक काळी, ओली असताना बुळबुळीत लागणारी बुरशी आहे. सतत भिजलेला कागद, पुठ्ठा, गवत यांवर ती वाढते. १८३७ मध्ये प्राग शहरातल्या एका घराच्या भिंतीवरील कागदावर ती प्रथम नोंदली गेली. तिच्या काही जाती विष तयार करतात. १९३० च्या दशकात युक्रेनमध्ये असे बुरसटलेले गवत खाऊन घोडे मेले होते.

१९९३-९४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात काही तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. त्यांच्या पाणी मुरलेल्या घरांत ही बुरशी सापडली आणि एकच घबराट उडाली. पुढे २००० मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून सांगितले की, या बुरशीमुळेच बाळे आजारी पडली हे सिद्ध होत नाही. घरात नेमकी कोणती बुरशी आहे आणि किती आहे, हे खात्रीने मोजण्याची गरज तेव्हा ठळकपणे पुढे आली.

प्रतिपिंडे कशी ओळखतात?

जुन्या पद्धतीत धूळ गोळा करून बुरशी प्रयोगशाळेत वाढवत. पण मेलेली बुरशी वाढत नाही, तिचा त्रास मात्र होऊ शकतो. बुरशीचे बारीक तुकडेही हवेत उडतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे कठीण जाते.

म्हणून शास्त्रज्ञ प्रतिपिंडांकडे, म्हणजे अँटीबॉडीकडे वळले. बाहेरचा पदार्थ अंगात शिरला की आपले शरीर त्याला बरोबर जाऊन चिकटणारे प्रतिपिंड बनवते. कुलपाला त्याचीच किल्ली लागावी तसे. बुरशीचे कण उंदराला टोचतात. उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी कर्करोगाच्या न संपणाऱ्या पेशींशी जोडतात. अशी जोडपेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवत राहते. ही रीत १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी दाखवली व १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रतिपिंडाला रंग देणारे रसायन जोडले की धुळीच्या नमुन्यात ती बुरशी असल्यास रंग उमटतो. गरोदरपणाची किंवा कोरोनाची झटपट चाचणी याच तत्त्वावर चालते. अडचण एवढीच की, अनेक बुरश्या एकमेकींच्या नात्यातल्या असतात. एकीची किल्ली दुसरीलाही लागते. म्हणून प्रत्येक प्रतिपिंड इतर अनेक बुरश्यांवर तपासून, जे भलतीकडे चिकटत नाही तेवढेच ठेवावे लागते.

आपल्या घरासाठी चाचणी हवी का?

नको. संशोधनासाठी ती मोलाची आहे, पण घरात तिच्यावर पैसे घालवू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांचा सारांश असा की, मूळ दोष ओलीचा आहे आणि ओल रोखणे हाच उपाय. ओल व बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास जास्त आढळतो. डाग काळा असो की हिरवा, तो काढायचाच.

- गळका पत्रा, फुटका नळ, तुंबलेली मोरी आधी दुरुस्त करा. पाणी थांबले नाही तर बुरशी परत येते.
- भिजलेली जागा एक-दोन दिवसांत वाळवा. भिजलेला पुठ्ठा, कागद टाकून द्या.
- डाग कोरडा खरवडू नका, कण उडतात. तोंडाला मास्क लावून, डाग ओला करून साबणाच्या पाण्याने घासा आणि जागा कोरडी करा. लहान मुले व दमेकऱ्यांना तेवढा वेळ बाहेर ठेवा.
- ब्लीच कधीही संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये मिसळू नका. विषारी वायू निघतो.
- कपाट भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्या.

खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर 'ओलीमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी मोफत होते. बाळाचा श्वास जोरात चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. डॉक्टरांना घरातली ओलही सांगा, कारण विचारल्याशिवाय ती त्यांना कळणार नाही.

आणि बुरशी दिसली की घरातल्या बाईच्या स्वच्छतेवर बोट ठेवणे थांबवू या. भिंतीत पाणी मुरते ते छपरामुळे, नळामुळे आणि गटारामुळे. दुरुस्ती मागायची आहे ती घरमालकाकडे आणि नगरपालिकेकडे. शेजारच्या चार घरांनी मिळून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.