सरल प्रणाली
सरल ही महाराष्ट्रातील शाळा, शिक्षक व विद्यार्थी यांच्या माहितीची संगणकीय प्रणाली असून ती राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने २०१५ मध्ये सुरू केली. २०११ च्या विशेष पटपडताळणीत अनेक शाळांच्या पटावर प्रत्यक्षात नसलेले विद्यार्थी आढळले होते. सरलमध्ये विद्यार्थीनिहाय नोंद असते. शाळा बदलताना ती नव्या शाळेकडे हस्तांतरित होत असल्याने एकच मूल दोन पटांवर राहणे अवघड होते. संचमान्यता, म्हणजे शाळेला मंजूर होणारी शिक्षकपदे, विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून ठरते. त्यामुळे आधारमधील नाव वा जन्मतारखेची किरकोळ तफावतही वर्गात नियमित बसणाऱ्या मुलाला गणनेबाहेर ठेवू शकते. प्रणालीच्या इंग्रजी नावात अध्ययनाचा उल्लेख असला, तरी अशा दुरुस्त्या बहुधा शिक्षकांनाच कराव्या लागतात आणि तो वेळ अध्यापनातून जातो.