वेळ आपला, तसे मापही आपले हवे

पेरणी, खुरपणी, सुगी, दोन वेळची धार आणि दोन वेळचा स्वयंपाक, एवढे सगळे उरकून उरलेल्या वेळात हाताला काही काम मिळावे, चार पैसे गाठीला लागावेत, असे शेतकऱ्याच्या घरात कोणत्या मायबहिणीला वाटत नाही? सकाळी हजेरी लावून संध्याकाळी सुटायची नोकरी अशा घरात बसत नाही. पाऊस काही घड्याळ पाहून येत नाही. म्हणून 'घरी बसून, सवडीने करा' असे काम कोणी देऊ केले की मन चटकन हो म्हणते. पण वरून सारखी दिसणारी दोन कामे आतून किती वेगळी असतात, ते आधी पाहू.

लिज्जत पापडाचे नाव सर्वांना ठाऊक आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम थांबले नाही. १९६८ साली गुजरातमधल्या वालोड गावीही शाखा निघाली.

तिथली रीत साधी आहे. पहाटे केंद्रावर जाऊन मळलेले पीठ घ्यायचे, घरी आपल्या सवडीने लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत करून वजनाप्रमाणे मजुरी घ्यायची. पापड तपासूनच घेतात, तिथे सूट नाही. पण लाटणारी प्रत्येक बाई संस्थेची सभासद, म्हणजे मालकीण असते, आणि नफ्यातही तिचा वाटा असतो.

आता दुसरे काम, विड्या वळण्याचे. सोलापूर, सिन्नर, संगमनेर भागात कितीतरी घरे या कामावर चालत आली आहेत. पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून किंवा ठेकेदाराकडून मिळतो. विड्या घरी वळायच्या आणि हजारी दराने मजुरी घ्यायची. इथेही वेळ बाईच्या हाती असतो. पण पाने खराब निघाली तर कमी पडलेली पाने तिने पदरच्या पैशाने आणायची. वळलेल्या विड्यांतून 'छाट' म्हणून काही बाजूला काढल्या की त्यांची मजुरी बुडाली. १९६६ साली विडी कामगारांसाठी कायदा झाला, तेव्हा कच्चा माल आणि छाट यांवरचे तंटे सोडवण्याची तरतूद त्यात करावी लागली. शिवाय तंबाखूची धूळ मुलेबाळे झोपतात त्याच घरात उडते, ते वेगळेच.

दोन्हीकडे काम घरीच, वेळही आपलाच. फरक पडतो तो माप कोण करतो, माल कोण नाकारतो आणि उरलेला नफा कोणाकडे जातो, यात.

म्हणून शिवणकाम असो, मसाले-शेवयांचे काम असो की आणखी काही, हो म्हणण्यापूर्वी एवढे विचारून घ्या :

१. वजन किंवा मोजणी आपल्यासमोर होते का? लेखी नोंद मिळते का?

२. पैसे रोज, आठवड्याने की महिन्याने मिळतात?

३. माल नाकारला तर नुकसान कोणाचे? नाकारलेला माल कोणाकडे राहतो?

४. सुगीत महिनाभर काम बंद ठेवले, तर पुन्हा मिळेल का?

५. आगाऊ पैसे भरायला सांगतात का? काम देण्याआधीच पैसे मागणाऱ्यापासून लांब राहिलेले बरे.

काम सुरू केल्यावर आठ दिवस वहीत लिहून ठेवा. किती तास बसलो, किती मिळाले, जाण्यायेण्याचे भाडे, दोरा, सरपण, वीज यांवर किती गेले. खर्च वजा करून उरलेल्या रकमेला तासांनी भागा आणि गावातल्या खुरपणीच्या मजुरीशी ताडून पाहा. मधल्या मधल्या वेळात केलेले काम फुकटचे वाटते, पण त्या वेळालाही मोल आहे. लेकीने अभ्यास सोडून हातभार लावला असेल, तर तिचे तासही त्यात धरा.

शक्य तर एकटीने जाऊ नका. बचत गटातल्या चौघीपाचजणी मिळून गेल्या, तर दर विचारायला संकोच वाटत नाही आणि उत्तरही सरळ मिळते. लिज्जतच्या बायकाही पहिल्या दिवशी सातजणी होत्या.