माशीने लावलेला क्रम

केळी जास्त पिकली की भोवती घिरट्या घालणारी तांबड्या डोळ्यांची चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. (आंब्याचं नुकसान करणारी फळमाशी वेगळी.) माझी पीएचडी ह्यांच्यावरच झाली. मामांना कंपवात झाल्याचं कळलं तेव्हा मामीने विचारलं, “अगं, त्या चिलटांचा नि ह्यांच्या हाताचा काय संबंध?”

संबंध जवळचा आहे. माणसाच्या आजारांशी निगडित जनुकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनुकांची भावंडं माशीत सापडतात. दहा दिवसांत अंड्याची माशी होते आणि दोन-तीन महिन्यांत तिचं आयुष्य संपतं; म्हणून उतारवयातला आजार काही आठवड्यांत पाहता येतो. १९९८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात नॅन्सी बोनिनी यांच्या गटाने मचाडो-जोसेफ या मेंदूविकाराचं माणसातलं सदोष जनुक माशीच्या डोळ्यात चालू केलं. डोळा झिजला. प्रथिनांच्या घड्या नीट बसवायला मदत करणारं एक प्रथिन जास्तीचं दिल्यावर झीज बरीच आटोक्यात आली. डोळाच का? तो गेला तरी प्रयोगशाळेत माशी जगते आणि बिघाड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो.

मला मात्र सगळ्यांत मोलाचं वाटतं ते पार्किन आणि पिंक-१ यांच्यावरचं काम. दोन्ही जनुकं कमी वयात कंपवात झालेल्या रुग्णांत सापडली. पार्किन १९९८ मध्ये जपानमध्ये, पिंक-१ २००४ मध्ये युरोपात. त्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे रुग्णाकडे बघून कळणार नव्हतं. माशीत जनुक काढून, घालून, वाढवून बघता येतं.

निरोगी माश्या काचेच्या नळीत घालून नळी टेबलावर हलकेच आपटली, की त्या भराभर वर चढतात. पार्किन नसलेल्या माश्या तळाशीच रेंगाळतात. पंखांची ठेवण बिघडलेली असते, आणि उडण्याच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे घटक, फुगून मोडलेले असतात. २००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या आणि दक्षिण कोरियाच्या गटांनी पिंक-१ काढून टाकलं, तेव्हा अगदी तशीच माशी तयार झाली! मग त्यांनी पिंक-१ नसलेल्या माशीत पार्किन वाढवलं. माशी सुधारली. उलट करून पाहिलं, पार्किन नसलेल्या माशीत पिंक-१ वाढवलं, तेव्हा काहीच फरक पडला नाही. म्हणजे वाट एकच, आधी पिंक-१, मागून पार्किन. पुढे माणसाच्या पेशींतही हाच क्रम दिसला: पिंक-१ खराब मायटोकॉन्ड्रिया हेरतं आणि पार्किनला तिथे बोलावून घेतं, त्यांची विल्हेवाट लावण्यासाठी.

आपल्याकडेही माशीवरच्या संशोधनाची परंपरा आहे. ओबैद सिद्दीकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत माशीच्या मज्जासंस्थेचा अभ्यास रुजवला. पुण्याच्या आयसरमध्ये एएलएस या स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराशी निगडित जनुक माशीत अभ्यासलं जातं.

माशीच्या मर्यादाही मामीला सांगितल्या. कंपवातात मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लीन हे प्रथिन तिच्याकडे मुळात नाहीच. त्याचं जनुक माणसाकडून घालावं लागतं. तिच्या मेंदूत चेतापेशी सुमारे १ लाख ४० हजार, आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी. म्हणून ‘कंपवातावर नवं औषध सापडलं’ अशी बातमी वाचलीत, तर ते माशीवर तपासलंय की माणसांवर, हे आधी बघा, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरातल्या रुग्णाची चालू गोळी बंद करू नका.