निकालाच्या फळ्यावर न दिसणारं

गेल्या वर्षी लेकीला पहिलीत घालायचं म्हणून आम्ही बडोद्यातल्या तीन शाळा पाहिल्या. तिन्हीकडे ऑफिसबाहेर दहावीच्या निकालाचा फळा. एका शाळेचा निकाल सलग १०० टक्के! मी घरी येऊन कौतुकानं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं, "नववीत किती मुलं होती आणि दहावीला किती बसली?"

पुन्हा गेलो, विचारलं. उत्तर टाळलं गेलं. मग ओळखीतल्या एका घरातून कळलं, की त्यांच्या मुलाला नववीतच दाखला काढून न्यायला सांगितलं होतं.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला नवल वाटायला नको होतं. आमच्याकडे एकदा कोण किती बग बंद करतो यावर गुण ठेवले होते. महिन्याभरात सोपे बग भराभर संपले, किचकट तसेच पडून राहिले. एखादा आकडाच ध्येय झाला, की तो खरं सांगेनासा होतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये हेच मांडलं होतं.

मग मुख्याध्यापकांचं काम मोजायचं कसं? निकालात मुलाच्या घरचं वातावरण, ट्यूशन, शिक्षक सगळंच मिसळलेलं असतं. आपल्या गुजरातेत २००९ पासून गुणोत्सवात सरकारी प्राथमिक शाळांना श्रेणी मिळते. पण ती शाळेची. त्यात मुख्याध्यापकांचा वाटा किती, ते वेगळं निघत नाही.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फिलिप हॅलिंजर यांनी १९८० च्या दशकात यासाठी ५० विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ती विचारते, की मुख्याध्यापक अमुक गोष्ट किती वेळा करतात? वर्गात जाऊन शिकवणं पाहतात का? तासाच्या मध्ये सूचना पाठवून शिकवण्याचा वेळ मोडत नाहीत ना? मुलांच्या प्रगतीबद्दल शिक्षकांशी बोलतात का? वर्गाबाहेर, मैदानावर दिसतात का? आणि ती एकट्या मुख्याध्यापकांनी नव्हे, शिक्षकांनीही भरायची असते. आपणच आपल्याला गुण दिले तर ते जास्तच पडणार!

आपण पालक काही प्रश्नावली वाटणार नाही. पण यातले चार प्रश्न शाळा बघताना सहज विचारता येतात.

तिसऱ्या शाळेत मी ते विचारले. तिथल्या मुख्याध्यापिका बाईंनी कपाटातून वही काढली. नववीत ४१ मुलं होती, दहावीला ४१ बसली, ३६ पास झाली. राहिलेल्या पाचही मुलांपुढे कारण लिहिलेलं, आणि पुरवणी परीक्षेसाठी कुणाला कोणते शिक्षक शिकवणार तेही. "फळ्यावर ८८ टक्केच दिसतात हो," त्या थोड्या ओशाळून म्हणाल्या.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत आलं नाही, तर पालकांना दंड. म्हणजे शाळेत न आलेल्या मुलाचाही हिशेब ठेवायचा, ही रीत या गावाला नवी नाही.

लेकीचं नाव आम्ही बाईंच्या शाळेत घातलं. नातेवाईक अजून विचारतात, "१०० टक्केवाली का सोडली?" मी त्यांना बाबांचा प्रश्न विचारतो.